दहा रुपयाची शिवभोजन थाळी, सांगली: जेवण झकास, पण बाकी कुणाच्या नावे?

आधीच सांगतो, राज्य सरकारच्या या स्वस्त थाळीच्या केंद्राचं नाव आणि नेमकी जागा मुद्दाम देत नाही. सांगलीत आहे, मार्केट यार्डातनं चालत जाता येतं, एवढं बास. चांगलं लिहिलं तर उद्या दीडशे माणसं जाऊन उभी राहतील आणि थाळ्या आहेत शंभर, वाईट लिहिलं तर कुठला तरी साहेब तपासणीला जाईल, म्हणजे दोन्हीकडनं मार ते केंद्र चालवणाऱ्या मावशीलाच. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळद आणि बेदाणा. पट्ट्या करायच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशोब, उचल कुणी किती नेली ते बघायचं, आता सगळं कॉम्प्युटरवर आलंय पण शेठला अजून लाल वही लागतेच. हे सांगायचं कारण म्हणजे मला कुठलीही गोष्ट बघितली की तिची जमा-नावे दिसायला लागते, बायको म्हणते तुम्ही देवळात गेला तरी दानपेटीचा हिशोब कराल. त्यामुळं हा रिव्ह्यू चवीचा कमी आणि वहीचा जास्त झाला तर सांभाळून घ्या.

झालं असं की गेल्या पावसाळ्यात मेहुणीच्या बाळंतपणासाठी बायको जतला गेली ती चांगली दीड महिना. घरी आई, ७८ वर्षांची, तिच्यापुरतं दोन भाकरी थापणं तिचं तिला जमतं, पण माझा डबा कोण करणार. पहिला आठवडा वडापाव, भडंग, कधी मिसळ, असं ढकललं आणि पोटाचं वाटोळं करून घेतलं. हॉटेलात थाळी खायची तर १२० च्या खाली बात नाही, वर पापडाचे वेगळे. तर आमच्याकडचे एक हमाल मामा म्हणाले, "दिवाणजी, रोज काय ते कागदातलं खाताय, चला की आमच्यासंगं, दहा रुपयात जेवू." मला जरा कसंतरीच वाटलं, म्हणजे आपण श्रीमंत नाही पण इस्त्रीचा शर्ट घालून गरिबाच्या लाईनीत उभं राहायचं म्हणजे... मामा म्हणाले, "पोटाला शर्ट दिसतोय व्हय?" गेलो मग.

पत्र्याचं शेड, तीन लांब टेबलं, बाकडी, स्टीलची ताटं. भिंतीवर योजनेचा बोर्ड, त्यावर दुसरा फ्लेक्स डकवलेला आणि कडेनं जुना फ्लेक्स डोकावतो, सरकारं बदलली त्याचा हिशोब तिथंच मिळतो. दारात एक ताई मोबाईल घेऊन बसते, नाव विचारते, फोटो काढते, अॅपमध्ये टाकते, मग ताट. फोटो पडला नाही तर सरकारच्या हिशोबात तुम्ही जेवलाच नाही. नेट गेलं की लाईन थांबते, भात निवतो, सगळे आपापले मोबाईल वर धरून रेंज शोधतात. एकदा माझा फोटो तीन वेळा काढला, तिसऱ्यांदा मी हसलो तर ताई म्हणाली, "हसू नका दादा, आत्ता घेतलाय गंभीर, तोच जाऊ दे."

आता जेवण. नियमानं ताटात दोन चपात्या ३० ग्रॅमच्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात. ऐकायला कमी वाटतं, आणि हमालाच्या पोटाला ते कमीच आहे, पोती वाहणाऱ्या माणसाला दोन चपात्या म्हणजे दाताला लागत नाहीत. पण माझ्यासारख्या बसून काम करणाऱ्याला एकदम बरोबर, जेवून झोप येत नाही. पहिल्या दिवशी मटकीची उसळ होती, आपली सांगलीची कांदा-लसूण चटणी घातलेली, वर तेलाचा पातळ तवंग, आणि खरं सांगतो, त्या १२० च्या थाळीतल्या पनीरपेक्षा दहापट चांगली. वरण तुरीचं, लसणाची फोडणी कडक, मिठाला बरोबर. भात मोकळा. चपाती लहान पण मऊ, बाजूची बाई तव्यावरनं काढून थेट ताटात टाकत होती. पहिल्या दिवशी मी पाचपैकी साडेचार दिले असते. अर्धा लोणच्यासाठी कापला.

माणसं कोण येतात ते पण सांगायला पाहिजे कारण "फुकटे" म्हणून बोलणारे पुष्कळ आहेत. हमाल, तोलाईदाराकडची पोरं, खेड्यातनं माल घेऊन आलेले शेतकरी ज्यांचा सौदा दुपारनंतर निघणार असतो, एक दोन भंगारवाले, कॉलेजची चार पोरं, सिव्हिलमध्ये पेशंट ॲडमिट असलेले नातेवाईक. जत-आटपाडीकडचा एक म्हातारा आठ दिवस रोज दिसला, मुलगा ॲडमिट होता. तो ताटातली एक चपाती रुमालात बांधायचा. मावशीनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, कारण नियमात पार्सल नाही.

पैशाची गंमत अशी. शहरात थाळीचा दर धरलाय ५० रुपये, गावाकडं ३५. त्यातले १० आपण देतो, बाकी शहरात ४० आणि गावात २५ सरकार केंद्रवाल्याला देणार. योजना सुरू झाली २६ जानेवारी २०२० ला, मग कोरोना आला, थाळी आधी ५ रुपये झाली, दुसऱ्या लाटेत फुकट केली, नंतर परत १० वर आली. ५० चा दर मात्र तेव्हाचा तोच. २०२० पासून आजपर्यंत तेल कुठनं कुठं गेलं, डाळ कुठं गेली, आमच्या यार्डात विचारा.

तर दिवसाला १०० थाळ्या. मावशीच्या गल्ल्यात रोख येतात १००० रुपये. सरकारकडनं यायचे रोजचे ४००० रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर १ लाख ४ हजार. खर्च मी एकदा तिच्यासंगं बसून काढला, तांदूळ, कणीक, डाळ, भाजी, तेल, गॅस, चौघी बायकांचा रोज, शेडचं भाडं, सगळं धरून तीन-साडेतीन हजार होतो. म्हणजे पैसे वेळेवर आले तर धंदा चांगला आहे, चार घरं नीट चालतात आणि शंभर माणसं जेवतात, योजनेत खोट नाही. पैसे वेळेवर नाही आले तर मावशी रोज हजार रुपयात तीन हजाराचा स्वयंपाक करते. हे किती दिवस जमेल ते कुठल्याही शाळकरी पोराला सांगता येईल.

आणि ते मला ताटात दिसलं आधी, वहीत नंतर. पहिल्या पंधरवड्यानंतर भाजी म्हणजे बटाटाच. सोमवारी बटाट्याची, मंगळवारी बटाटा-वांगं ज्यात वांगं शोधायला लागतं, बुधवारी परत बटाटा. मग वरण पातळ व्हायला लागलं, रोज थोडं थोडं, एक दिवस तर मला वाटीच्या तळातली कंपनीची मोहोर वाचता आली. चपाती आधी बशीएवढी होती ती पुरीकडं झुकायला लागली. एक बाई कमी झाली, चौघीच्या तिघी. भात मात्र कधीच कमी नाही झाला. मी विचारलं तर मावशी म्हणाली, "भात कमी केला तर लोकं उठत न्हाईत वो, बसूनच ऱ्हात्यात." मला ते वाक्य लई आवडलं, तिला काय कापायचं आणि काय नाही ते मंत्रालयातल्या कुणाहीपेक्षा बरोबर कळतं, कारण ज्याच्या ताटातनं कापायचं तो समोर बसलेला असतो.

हमाल लोकं चिडायची. "मावशे, डाळ धुतल्यालं पाणी दिलंस व्हय?" ती काय बोलणार. एक दिवस मला म्हणाली, "दिवाणजी, तुमचं अक्षर चांगलं हाय म्हणत्यात, एक अर्ज लिवून द्या की." तेव्हा कळलं की सहा महिन्याचं बिल थकलंय. सहा लाखाच्या वर. हे एकट्या सांगलीचं किंवा त्या मावशीचं नव्हतं, २०२५ मध्ये राज्यात ठिकठिकाणचे केंद्रचालक बिलं मिळेनात म्हणून ओरडत होते, बरीच केंद्रं बंद पडली. अर्ज लिहिला, तीन प्रती काढल्या, तिच्यासंगं ऑफिसला पण गेलो, कुठलं ऑफिस ते सोडा. तिथला क्लार्क पण बिचारा वाईट नव्हता. म्हणाला, "मावशी, तरतूद आहे, निधी आला नाही." मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी तिला बाहेर चहा पाजून समजावलं की तरतूद म्हणजे बजेटच्या पुस्तकात तुझ्या नावापुढं आकडा लिहिलाय, आणि निधी म्हणजे तो आकडा खरोखर वरनं सोडला, ट्रेझरीत बिल पास होईल असा झाला. ती म्हणाली, "म्हंजी वहीत जमा, गल्ल्यात न्हाई." अगदी बरोबर. बावीस वर्षांत मी हे एवढ्या थोडक्यात कुणाला सांगू शकलो नसतो.

आणि इथंच माझं डोकं फिरलं, म्हणजे रागानं नाही, आकड्यानं. रात्री आई झोपल्यावर मोबाईलवर राज्याचं २०२५-२६ चं बजेट उघडलं. १० मार्च २०२५ ला मांडलेलं. एकूण खर्च ७ लाख २० कोटी. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी, तूट ४५ हजार ८९१ कोटी. ही तूट म्हणजे रोजचं घर चालवायलाच पैसे कमी, बंगला बांधायचं कर्ज वेगळं. ते सगळं धरलं की राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. म्हणजे सरकार शंभर रुपये खर्च करणार त्यातले साडेएकोणीस उसने. आमच्या यार्डात शंभराला वीस उसने घेऊन दुकान चालवणारा अडत्या असला तर त्याला कुणी लगेच बुडीत म्हणत नाही, सीझनला फिरतं सगळं. पण त्याची पट्टी उशिरा निघायला लागली की शेतकरी आपोआप दुसऱ्या दुकानात माल लावतो. मावशीला दुसरं दुकान नाही.

मग मी थाळीचा हिशोब केला. राज्यात दिवसाला दोन लाख थाळ्यांचं टार्गेट होतं. सगळ्यात महाग धरू, दोन लाखच्या दोन लाख थाळ्या गेल्या आणि सगळ्यांना शहराचे ४० दिले तर दिवसाला ८० लाख. वर्षाचे ३०० दिवस म्हणजे २४० कोटी. सात लाख कोटीत २४० कोटी. शंभर रुपयाला साडेतीन पैसे. पैसे वो, रुपये नाही. साडेतीन पैशाचं नाणं तर कधी निघालंच नाही. आणि एवढं पण पुरं पडेना, अन्न पुरवठा खात्याच्या मंत्र्यांनीच, म्हणजे भुजबळांनी, २०२५ मध्ये सांगितलं की लागतात त्याच्या निम्मेच पैसे मिळालेत. त्याच सुमाराला ते हेही बोलून गेले की लाडक्या बहिणीच्या खर्चामुळं बाकीच्या खात्यांचे पैसे ओढले जातायत आणि आनंदाचा शिधा देणं अवघड आहे. आनंदाचा शिधा आठवतोय ना, २०२२ च्या दिवाळीला १०० रुपयात रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि लिटरभर पामतेल. आमच्या आईनं त्या पिशवीची अजून भाजीला पिशवी केलीय.

लाडकी बहीण. आता इथं मी जपून लिहिणार कारण बायको परत आलीय आणि ती हे वाचणार आहे. २०२५-२६ ला त्या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले, म्हणजे त्याच शंभरातले पाच रुपये चौदा पैसे. थाळीचे साडेतीन पैसे आणि हे पाच रुपये. निवडणुकीत तर १५०० चे २१०० करतो म्हणाले होते. बरेच जण लगेच म्हणतील बघा, म्हणून थाळी बुडाली. मी पण असंच म्हणत होतो यार्डात, चहाच्या टपरीवर जोरात. मग एक दिवस मावशीला विचारलं की सहा महिने सरकारचे पैसे नाहीत तर गॅस कशावर आणता. कमर्शियल सिलिंडर तेव्हा सतराशेच्या आसपास होता, तीन-चार दिवसाला एक संपतो. ती म्हणाली, "लाडक्या बहिणीचं येत्यात की, चौघींचं मिळून सहा हजार, त्यात तीन सिलिंडर भागत्यात, वरचं तेलाला."

दोन मिनिटं मला काही बोलताच आलं नाही. म्हणजे सरकार एका हातानं बाईच्या खात्यावर १५०० टाकतंय, दुसऱ्या हातानं तिचे लाख रुपये महिन्याला थकवतंय, आणि ती बाई ते १५०० घालून सरकारच्याच योजनेचा गॅस पेटवतीय. आमच्या वहीत ही नोंद करायची झाली तर शेठ मला हाकलून देईल. धनको कोण आणि ऋणको कोण?

आणि बाकीचं गेलं कुठं तर आमच्याच यार्डात. शेजारच्या भुसार दुकानाचा दिवाणजी माझा दोस्त आहे, त्यानं वही दाखवली. मावशीच्या गटाच्या नावे तांदूळ, तूरडाळ, आटा, सगळं मिळून पावणेदोन लाखाची बाकी. त्या दुकानदारानं पुढं मिलवाल्याचं थकवलंय. मुंबईला विधान भवनात जी तूट वाचून दाखवतात ती अशी घरंगळत घरंगळत सांगलीत येऊन एका लाल वहीच्या उजव्या पानावर बसलेली मी स्वतः बघितलीय, पान नंबर सुद्धा लक्षात आहे. तिला कुणी तूट म्हणत नाही तिथं. तिला उधारी म्हणतात.

मग घरी बसून ठरवलं, मी अर्थमंत्री असतो तर काय कापलं असतं. करून बघा तुम्ही पण, लई अवघड आहे. जमेतली निम्म्याहून जास्त रक्कम पगार, पेन्शन आणि कर्जाच्या व्याजातच जाते, त्याला हात लावता येत नाही, पगार थांबला तर दुसऱ्या दिवशी मोर्चा, व्याज थांबलं तर कर्ज बंद. मग राहिलं काय. शेतीची वीज? एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाचं बिल माफ आहे, आणि तासगाव तालुक्यात माझ्या भावाची पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे, द्राक्षाला. म्हैसाळ-टेंभू-ताकारी या उपसा पाणी योजनांचं वीजबिल? त्यातला ८१ टक्के भार सरकार उचलतं आणि १९ टक्के शेतकरी, सासऱ्याचं जतचं डाळिंब त्याच पाण्यावर उभं आहे, तिथं मी काय तोंडानं बोलणार. एसटीचं अर्धं तिकीट? बायको जतला गेली आणि आली ती अर्ध्या तिकिटावर, मार्च २०२३ पासून ते आहे, आणि आई पंचाहत्तरीच्या वरची म्हणून तिला २०२२ पासून एसटी फुकट, ती तर मिरजेला दर्शनाला सुद्धा आता बसची वाट बघते, रिक्षा नको म्हणते. म्हणजे थाळीच्या लाईनीत मला लाज वाटत होती ती कशाची, आमच्या घरातले सगळे कुठल्या ना कुठल्या लाईनीत उभेच आहेत की. फक्त तिथं फोटो काढत नाहीत.

जमा वाढवायचं म्हणाल तर ते पण करून बघितलं सरकारनं. जून २०२५ मध्ये वाईन-बिअर सोडून बाकी दारूवरचं शुल्क वाढवलं, १४ हजार कोटी जास्त येतील म्हणून. यार्डातले काही गडी त्या महिन्यापासून सरकारला जास्तच मदत करतायत. एसटीचं भाडं जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के वाढलं. आणि ३० जून २०२५ ला, म्हणजे बजेट मांडून चार महिने व्हायच्या आत, ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. पुरवणी म्हणजे वहीत मार्चला जे लिहिलं होतं ते जूनलाच पुरलं नाही.

माझं मत विचाराल तर, आणि रिव्ह्यू आहे म्हणून मत द्यायलाच पाहिजे, पैसे कमी आहेत हे मला समजतं. कापायला लागतं हे पण समजतं. माझा राग कापण्यावर नाही, न सांगता कापण्यावर आहे. थाळी बंद करायची असेल तर उभं राहून सांगा की बाबा परवडत नाही, ३१ मार्चनंतर बंद, मावशी दुसऱ्या दिवसापासून खानावळीचे डबे सुरू करेल, तिच्या हाताला चव आहे. पण बंद केली म्हणून पेपरात नाव नको, विरोधक ओरडायला नकोत, म्हणून योजना चालू आणि बिल बंद. बोर्ड भिंतीवर तसाच, अॅप चालू, फोटो रोज जातायत वर, आणि वाटीतली डाळ खाली खाली चाललीय. हे कापायचं काम मग सरकार करत नाही, मावशी करते, रोज सकाळी पातेल्यासमोर उभी राहून. शिव्या पण तिलाच बसतात. आमच्याकडं एखादा व्यापारी अडचणीत आला तर दोन प्रकार असतात, एक जण येऊन सांगतो की शेठ या महिन्यात नाही जमत, हप्ते पाडून घ्या, त्याला सगळे सांभाळून घेतात. दुसरा फोन उचलत नाही. पहिल्याचं दुकान परत उभं राहतं, मी दोन-चार बघितलेत.

१९९५ ला युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर काढली होती तेव्हा मी शाळेत होतो. स्टँडजवळ वडिलांसंगं खाल्लेली आठवतेय, झुणका जळजळीत, वडील म्हणाले होते "खाऊन घे, लई दिवस टिकायचं न्हाई." नाही टिकली. त्या टपऱ्यांवर पुढं वडे तळले गेले, सिगारेटी विकल्या गेल्या, जागा तेवढ्या राहिल्या. वडिलांना बजेट वगैरे काही कळत नव्हतं, पण एक रुपयाची भाकर बघून बाकीचे पैसे कोण देतंय हा प्रश्न त्यांना पडला होता. मला दहा रुपयाची थाळी बघून पडायला दोन आठवडे लागले.

आत्ताची परिस्थिती सांगतो, जाणार असाल तर उपयोग होईल. दिवाळीच्या आधी मावशीचं दोन महिन्याचं बिल आलं, बाकीचं अजून येणे आहे. त्यातनं तिनं भुसारवाल्याचे निम्मे दिले, त्यामुळं डाळ परत घट्ट झालीय, अगदी पहिल्यासारखी नाही पण मोहोर दिसत नाही आता. चौथी बाई काही परत आली नाही, ती कुठंतरी डब्याचं काम करते म्हणे आणि तिथं रोजच्या रोज पैसे मिळतात. बायको जतवरनं आल्यावर माझा डबा परत सुरू झाला तरी आठवड्यातनं एकदा मी जातोच. फक्त मी आता दहा देत नाही, पन्नास देतो. मावशी पहिल्यांदा घेईना, म्हणाली अॅपमध्ये दहाच पडत्यात, वरच्या चाळीसचं काय लिवू. मी म्हटलं लिहू नका. मग फोटोवाली ताई म्हणाली, "तसं असंल तर दादांचा फोटोच नको घेऊ का?" बराच विचार करून असं ठरलं की फोटो काढायचाच, कारण सरकारचे चाळीस पण सोडायचे नाहीत, आज ना उद्या येतीलच की.

रेटिंग: चवीला चार, स्वच्छतेला चार (ताटं गरम पाण्यातनं काढतात, हात धुवायला मात्र एकच नळ), मापाला तीन, मावशीला पाचपैकी सहा. मालकाला, म्हणजे ज्याच्या नावाचा बोर्ड आहे त्याला, बिलं पूर्ण मिळेपर्यंत राखून ठेवतो, दोनपेक्षा जास्त देणार नाही हे नक्की.

बारा वाजता सुरू होतं. साडेबाराच्या आत जा, एकनंतर गेला तर शंभर संपलेल्या असतात आणि मग ती बाई "नाही" म्हणताना तिलाच कसंतरी होतं. सुट्टे घेऊन जा, दहाचं नाणं तिथं चालतं, शंभरची नोट काढू नका. मोबाईलला रेंज असली तर ताईला हॉटस्पॉट द्या, लाईन पटापट सरकते. मटकी बहुतेक शुक्रवारी असते. लोणचं मागू नका, ते यादीत नाही, पाहिजे तर घरनं खिशात पुडी न्या, आणि नेली तर शेजाऱ्याला पण द्या, तो बघत असतो.